भूक लागायची वाट बघू नका

"वाचावंसं वाटतं हो, पण भूकच लागत नाही." हे वाक्य मी आपल्या लोकांत इतक्यांदा ऐकलंय की आता बोलणाऱ्याचं तोंड उघडायच्या आधीच कळतं. रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत, घरगुती प्रार्थनासभेनंतर चहाचा कप हातात असताना... बोलणाऱ्याच्या आवाजात थोडी लाज असते आणि थोडी सुटकाही. म्हणजे असं, की भूक देवाने लावायची, मग आम्ही वाचू. तोवर बायबल कपाटात, चेनच्या कव्हरमध्ये, सुखरूप.

मला हे पटत नाही. पोटाची भूक न जेवता वाढते, पण वचनाची भूक बरोबर उलटी आहे. ती खाल्ल्यानेच लागते. तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नसते. त्याला आपली आजी काय करायची? भूक लागेल तेव्हा दे, असं म्हणत बसायची नाही. दोन चमचे पेज, थोड्या वेळाने आणखी दोन चमचे. चव मागाहून यायची.

याचं आपल्या नागपूरशी जोडलेलं एक उदाहरण आहे आणि ते सगळ्यांना अर्धवट माहीत असतं. नारायण वामन टिळक, म्हणजे आपले रेव्हरंड टिळक, ख्रिस्ती होण्याआधी नागपुरात होते. इथले धनिक अप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. १८९३ साली ते नागपूरहून तिकडे निघाले. हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने आजही आपण कामठी, भंडारा रोड, तुमसर, गोंदिया, डोंगरगड करत तिथे जातो, तोच हा रस्ता. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा सुरू झाल्या त्या धर्मावरून नव्हे, तर संस्कृत कवितेवरून. उतरताना त्या गृहस्थांनी नवा करार हातात ठेवला आणि सांगितलं की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पदच वाटलं असणार. पण १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही गोष्ट आपण चमत्कार म्हणून सांगतो आणि मधला भाग गाळतो. मधला भाग असा की टिळकांनी ते पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं. खुणा करत, तपासत. त्यांना भूक वगैरे काही नव्हती. होती ती चिकित्सा, आणि धर्म कसा असावा याबद्दलचे स्वतःचे प्रश्न. असं वाचत वाचत ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी पोचले आणि तिथून त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना. म्हणजे आधी वाचन आणि मग भूक, असा क्रम आहे.

आपलं, जन्मापासून चर्चमध्ये वाढलेल्यांचं, इथेच अडतं. आपल्याला प्रश्नच नाहीत. उधळ्या पुत्राची गोष्ट सुरू झाली की शेवट माहीत असतो, म्हणून कान मिटतात. टिळक भांडायला बसले होते, आपण झोपाळलेले असतो. मला तर वाटतं की ज्याचं वचनाशी रोज थोडं वाजतं, त्याची भूक शाबूत राहते. "शत्रूवर प्रीती करा" हे वाचून ज्याला आपला भाऊबंद, जमिनीची केस आणि कोर्टाची तारीख आठवत नाही, त्याने ते वाचलंच नाही.

आता दोन सवयींबद्दल बोलतो. काही जणांना राग येईल, येऊ द्या.

पहिली सवय, वर्षभरात अख्खं बायबल. एकूण १,१८९ अध्याय, रोज तीन-साडेतीन. जानेवारीत जोरात सुरुवात, फेब्रुवारीत लेवीय आणि मार्चमध्ये शांतता. ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार. पण पुष्कळदा तिथे भूक नसते, फक्त हप्ता असतो. हप्ता चुकला की माणूस वहीच बंद करतो.

दुसरी, सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं वचन. फुलं, सूर्योदय, खाली एक ओळ. हे वाईट आहे असं नाही. पण आपली आई काय सांगायची? जेवणाआधी चिवड्याच्या डब्यात हात घालू नकोस. पोट भरत नाही आणि भूक मात्र मरते. मागचं-पुढचं काही न वाचता पुढे ढकललेली ओळ तेच करते. आपण वाचलं असं वाटतं, तेवढंच.

निर्गमाच्या १६ व्या अध्यायात मान्नाची गोष्ट आहे. रोज सकाळी गोळा करायचा, त्या दिवसापुरता. साठवून ठेवला तर किडे पडायचे. सूट फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी. मला यात मोठी दया दिसते. कालच्या अनुभवावर जगता येत नाही, पण उद्याचा बोजाही आज उचलायचा नसतो. आजचं आज.

पण वेळ नाही, भाषा जड आहे, ही कारणं बाजूला ठेवली तरी एक कारण उरतंच आणि ते आमोस संदेष्टा सांगतो. आठव्या अध्यायात तो एका वेगळ्याच दुष्काळाचं भाकीत करतो. अन्नपाण्याचा नाही, तर परमेश्वराचं वचन ऐकायला न मिळण्याचा दुष्काळ. आपण तेवढंच वाचतो. त्याच्या अगोदरच्या ओळीत कोण आहेत? शब्बाथ कधी संपतो आणि खोट्या मापाने धान्य कधी विकतो, अशी वाट बघणारे व्यापारी! काट्यात खोट आधी आणि दुष्काळ नंतर. भूक मेली असेल तर घड्याळाकडे बघण्याआधी आपल्या व्यवहाराकडे बघावं, असं मला यातून वाटतं. जे ऐकायचं नाही, त्याची भूक कशी लागेल? येशूनेही धन्य म्हटलं ते नीतिमत्त्वाची भूक असणाऱ्यांना. पुस्तक हे त्या भुकेचं ताट आहे.

भाषेचंही थोडं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तीत बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी केलं. साध्या बायकांना कळावं म्हणून. काम आटोपत असतानाच ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ ला छापून निघाला. एका बाईने उतारवयात एवढं केलं, का तर वचन घरच्या भाषेत जेवता यावं. आज आपल्या घरांत नातवंडं इंग्रजीत वाचतात, आजी मराठीत, आणि एकत्र कुणीच वाचत नाही. इंग्रजीला माझा विरोध नाही. पण रडताना आणि भांडताना जी भाषा तोंडात येते, त्या भाषेत एकदा तरी वाचावं. ते आत वेगळ्या जागी लागतं.

तर माझं म्हणणं एवढंच. भुकेची वाट बघू नका, चार चमचे पेज घ्या. डोंगरावरचं प्रवचन मत्तयाच्या ५, ६, ७ अध्यायांत आहे, सगळ्या मिळून १११ ओव्या. रोज चार घेतल्या तर २८ दिवसांत होतं. मोठ्याने वाचायच्या, मराठीत, हातात पेन्सिल. जिथे पटत नाही तिथे खूण. ज्या ओळीने आज कुणाला फोन करावासा वाटेल, तिच्याखाली रेघ. आणि फोन करायचा. तो केल्याशिवाय दुसऱ्या दिवशीच्या चार ओव्या बेचव लागतात, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

काका, मावशी, ब्लॉगवाली मित्रमंडळी, कुणी सोबत येणार का? एकट्याने जेवण्यापेक्षा पंगतीत दोन घास जास्तच जातात.