‘माझा आवडता खेळाडू’ : निबंधात कारकीर्द कुठे आहे?



तिसरी-चौथीपासून आपण एक निबंध हमखास लिहून घेतो, ‘माझा आवडता खेळाडू’. मार्गदर्शकातला नमुना आपल्या सगळ्यांना पाठ आहे. जन्म कुठे झाला, लहानपणापासून खेळाची आवड होती, खूप मेहनत घेतली, अनेक विक्रम केले, पुरस्कार मिळाले, तो माझा आदर्श आहे, मलाही त्याच्यासारखे व्हायचे आहे. झाला निबंध. आता गंमत बघा, यातलं नाव खोडून दुसरं घाला, निबंध जसाच्या तसा चालतो. सचिन काढा, विराट घाला, काहीही बिघडत नाही. मग तो निबंध नक्की कोणाबद्दल आहे?

माझं मत स्पष्ट आहे. हा निबंध आपण मुलांना खेळाडूच्या पूर्ण कारकिर्दीवर लिहायला शिकवला पाहिजे. हरलेले सामने, बाकावर बसलेले दिवस, पगार, नोकरी, वय, सगळं त्यात आलं पाहिजे. आणि त्यासाठी आपल्या महाराष्ट्रातलाच एक खेळाडू मी सुचवते : हॉकीचा फॉरवर्ड धनराज पिल्ले.

खडकीचा मुलगा

धनराजचा जन्म 16 जुलै 1968 चा, पुण्याजवळच्या खडकीतला. वडील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मैदानाची देखभाल करायचे. घरात पाच भाऊ, पैसा बेताचा. नवी स्टिक घेणं परवडत नव्हतं. मोडक्या स्टिका बांधून आणि मोठ्या खेळाडूंनी टाकून दिलेले चेंडू घेऊन ही मुलं मऊ, चिखलाच्या मैदानावर खेळायची. त्या काळचा मोठा फॉरवर्ड मोहम्मद शाहिद, त्याची नक्कल धनराज करायचा. नक्कल करत शिकणं हेही शिकणंच आहे, हे आपण प्राथमिकवाले तर चांगलंच जाणतो.

पुढे तो मोठ्या भावाच्या पाठोपाठ मुंबईला गेला. महिंद्राच्या संघात ऑलिम्पिक खेळाडू जोकिम कार्व्हालो यांचं मार्गदर्शन मिळालं. 1989 मध्ये, 21 व्या वर्षी, तो भारतीय संघात आला आणि 2004 पर्यंत खेळला. एकूण 339 आंतरराष्ट्रीय सामने. साधारण 15 वर्षांत 339 सामने म्हणजे वर्षाला किती? हा भागाकार गणिताच्या तासालाही चालेल.

फॉरवर्ड म्हणजे काय हो?

मुलं हा प्रश्न विचारतात आणि विचारायलाच हवा. हॉकीत एका संघाचे 11 खेळाडू. त्यातला फॉरवर्ड सगळ्यात पुढे, समोरच्या गोलाजवळ. त्याचं काम गोल करणं किंवा दुसऱ्याला गोल करायला वाट काढून देणं. लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर आइस हॉकी खेळतात. तिथे एका वेळी गोलरक्षक धरून 6 जण असतात, त्यातले साधारण 3 फॉरवर्ड. बर्फावर इतकी दमछाक होते की मिनिटभरात खेळाडू बदलावा लागतो. भारताच्या महिला आइस हॉकी संघात बहुतेक मुली लडाखच्या आहेत आणि 2025 च्या आशिया चषकात त्यांनी कांस्यपदक आणलं. आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात बर्फ म्हटलं की मुलांना फक्त गोळ्याची गाडी आठवते, त्यामुळे हे ऐकताना त्यांचे डोळे मोठे होतात.

खेळ मातीवरचा असो की बर्फावरचा, फॉरवर्डचं नशीब सारखंच. तो दहा वेळा धावतो, नऊ वेळा अडवला जातो. दहाव्या वेळी गोल झाला तर टाळ्या, नाही झाला तर लोक त्याचंच नाव घेतात. आणखी एक गोष्ट. धनराजने नक्की किती गोल केले याची अधिकृत नोंद हॉकी महासंघाने ठेवलीच नाही. क्रिकेटमध्ये एकेक धाव मोजली जाते आणि इथे 15 वर्षांच्या कामाचा हिशोबच नाही! सचोटीने काम करणाऱ्या किती जणांचं असं होतं, आपल्यालाही ठाऊक आहे.

16 स्पर्धा आणि एक सुवर्ण

आता मुद्द्याचं. धनराज 4 ऑलिम्पिक, 4 विश्वचषक, 4 चॅम्पियन्स करंडक आणि 4 आशियाई क्रीडा स्पर्धा खेळला. एकूण 16 मोठ्या स्पर्धा. पदकं किती? आशियाई स्पर्धांत 1 सुवर्ण आणि 3 रौप्य. बाकी 12 ठिकाणांहून भारतीय संघ रिकाम्या हाताने परतला. ऑलिम्पिकमध्ये भारताचा क्रमांक 1992 ला सातवा, 1996 ला आठवा, 2000 ला सातवा आणि 2004 ला पुन्हा सातवा. सिडनीत 2000 साली तर पोलंडविरुद्धचा सामना जिंकला की उपांत्य फेरी, अशी स्थिती होती. भारत 1-0 ने पुढे होता. सामना संपायला दोनेक मिनिटं असताना पोलंडने बरोबरी केली आणि सगळं संपलं.

मार्गदर्शकातल्या निबंधात हे बसवून दाखवा. नाही बसत. कारण तिथे ‘मेहनत केली म्हणून यश मिळालं’ एवढं एकच वाक्य चालतं. मग ज्या मुलाने वर्षभर मेहनत केली आणि तरी शिष्यवृत्ती परीक्षेत नाव आलं नाही, त्याने या निबंधातून काय घ्यायचं? की आपली मेहनत खोटी होती? या मुलाला 16 स्पर्धांचा हिशोब सांगितला पाहिजे. चांगला माणूस, चांगला खेळ, पूर्ण जीव ओतलेला, आणि तरी बहुतेक वेळा हार. पुढच्या स्पर्धेला तो पुन्हा उभा. मुलांना हे कळतं. आपणच त्यांना कच्चं समजतो.

बोलणारा खेळाडू

1998 साली बँकॉकला धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्ण जिंकलं, 1966 नंतर पहिल्यांदा, म्हणजे 32 वर्षांनी. आणि लगेच त्याला आणि आणखी काही खेळाडूंना संघातून वगळलं. महासंघाने कारण दिलं विश्रांतीचं. खेळाडूंनी मानधनाबद्दल आवाज उठवला होता, त्याचीच ही शिक्षा, असं तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. धनराज परत आला. 1999-2000 चा राजीव गांधी खेलरत्न त्याला मिळाला. 2003 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने पहिल्यांदा आशिया चषक जिंकला.

काही सहकारी म्हणतात, ‘तो तापट होता, मुलांपुढे कशाला?’ मला वाटतं, तापटपणाही सांगावा. आदर्श म्हणजे देव नव्हे. आपल्या हक्काचं मागणं आणि रागावर ताबा ठेवणं या दोन्ही गोष्टींवर चौथीची मुलंसुद्धा छान बोलतात, बोलू दिलं तर.

घरची भाषा वेगळी, तरी आपलाच

धनराजच्या घरची भाषा तमिळ. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात जा, घरोघरी तेलुगू ऐकू येते. कुठे कन्नड, कुठे उर्दू. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, आणि मूल आपल्या मराठी शाळेत. ही मुलं निबंधात अडखळतात तेव्हा आपण भाषेचे गुण कापतो. त्यांना एकदा सांगा, घरी तमिळ बोलणारा, कामगार वसाहतीतला मुलगा महाराष्ट्राचा अभिमान झाला. ती मुलं नीट सावरून बसतील.

पालकांनो, पोटाचं काय?

तुमचा प्रश्न खरा आहे, ‘बाई, खेळून पोट भरतं का?’ खोटं उत्तर देणार नाही. फॉरवर्डची कारकीर्द पस्तिशीच्या आसपास संपते. धनराज थांबला तेव्हा 36 वर्षांचा होता आणि अथेन्सला बराच वेळ बाकावर होता. त्याचं घर चाललं ते नोकरीवर, आधी महिंद्रा, मग इंडियन एअरलाइन्स. मुंबईच्या युवराज वाल्मीकीचे वडील ड्रायव्हर. त्याने 2011 च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकात पाकिस्तानला हरवणाऱ्या संघात चमक दाखवली, तेव्हा त्याच्या घरी वीजसुद्धा नव्हती. म्हणून शिक्षण सोडून खेळा, असं मी कधीच म्हणणार नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण अर्ज करायला शिक्षण लागतंच.

माझं मागणं एवढंच आहे. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला देऊ नका. खो-खोच्या संघातून मुलीला ‘आता मोठी झाली’ म्हणून काढू नका. शंभरातली एखादीच पुढे जाईल, पण हरून दुसऱ्या दिवशी मैदानावर परत येणं शंभरही जणी शिकतील.

वर्गात एवढं करून बघा

निबंध लिहायच्या आधी फळ्यावर पाच प्रश्न लिहा :

1. हा खेळाडू कोणाचं बघून शिकला?
2. तो कधी आणि कसा हरला?
3. त्याला कोणी मदत केली?
4. त्याचं घर कशावर चालत होतं?
5. त्याची कोणती गोष्ट मला पटत नाही?

मग मूल असं काहीतरी लिहील : ‘धनराज पिल्ले हा हॉकीपटू आहे. त्याच्याकडे नवी स्टिक नव्हती. तो मोडकी स्टिक बांधून खेळला. तो चार ऑलिम्पिक खेळला पण पदक मिळालं नाही. त्याला राग लवकर यायचा. मला तो आवडतो कारण तो परत परत यायचा.’

शुद्धलेखन नंतर बघू. शेवटचं वाक्य त्या मुलाचं स्वतःचं आहे, कुठल्या मार्गदर्शकातलं नाही. मी तर पूर्ण गुण देईन, तुम्ही?