दाखल्यावर चालते, पडद्यावर चालत नाही

'फुले' हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, जोतिबांच्या जयंतीलाच येणार होता. ट्रेलर आला, काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली आणि प्रदर्शन दोन आठवडे पुढे गेले. सेन्सॉर बोर्डाने सांगितलेल्या बदलांची यादीही बातम्यांतून आली. 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढा. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, 'कित्येक वर्षांची' म्हणा. झाडू बांधलेल्या माणसाचे दृश्य बदला.

यावर निषेधाच्या पोस्ट भरपूर पडल्या. मला मात्र ही यादी वाचून जात पडताळणीची फाईल आठवली.

ती फाईल आपल्या जवळपास प्रत्येक घरात, कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत असते. अनुसूचित जातीच्या उमेदवाराने १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणायचा. आजोबांचा शाळेचा दाखला आणा. नसेल तर कोतवाल बुकातली नोंद आणा. आजोबा शाळेतच गेले नव्हते? मग ते का गेले नव्हते, हे कुणी विचारत नाही. नोंदीत जातीचा शब्द मात्र स्वच्छ वाचता आला पाहिजे.

म्हणजे सरकारचे एक टेबल म्हणते, शब्द दाखव, नाहीतर प्रमाणपत्र नाही. दुसरे टेबल म्हणते, शब्द दाखवू नकोस, नाहीतर प्रमाणपत्र नाही! जात सिद्ध करण्याचा बोजा आमच्यावर, आणि ती कुणी लादली हे सांगायला मात्र मनाई.

मग मुक्ता साळवेचे काय करायचे? फुले दांपत्याच्या शाळेतली ही मातंग समाजातली मुलगी. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्याचे नाव 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. यादीतले दोन शब्द तर शीर्षकातच आहेत, आणि पेशवाईतले हाल आत आहेत. बोर्डाचा नियम लावला तर शीर्षकात फक्त 'दुःखाविषयी' उरते. दुःख कुणाचे, दिले कुणी, पत्ता नाही.

आता आपल्याच काही तरुणांचा प्रश्न. ते म्हणतात, "आपण बौद्ध झालो. तो शब्द पडद्यावरून गेला तर बरेच झाले, आपण कशाला रडायचे?" प्रश्न प्रामाणिक आहे, टाळण्यासारखा नाही. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आपण स्वागतच केले होते. मग इथे विरोध का?

कारण वस्तीचे नाव हा आजचा पत्ता आहे. आज कुणालाही जातीच्या नावाने हाक मारली जाऊ नये. चित्रपट मात्र १८४८ च्या पुण्याबद्दल बोलतो. तिथला शब्द पुसला की अपमान पुसला जात नाही, अपमान करणारा सुटतो. चोरीची तक्रार लिहून घेताना चोरीला गेलेल्या वस्तूचे नावच गाळावे, तसे हे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत आपल्या माणसांनी जात टाकली. तो आपला निर्णय होता, दीक्षाभूमीवर, उजेडात, लाखोंच्या साक्षीने. टाकणे आणि पुसून टाकणे यांत हाच फरक आहे. टाकणारा कशातून बाहेर पडलो ते सांगतो. पुसणाऱ्याला ते कुणाला कळू द्यायचे नसते. आपण ओळख सोडली आहे, पुरावा सोडलेला नाही.

आचार्य अत्र्यांचा 'महात्मा फुले' १९५४ साली आला आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. अत्रे स्वतः ब्राह्मण होते. त्यांना जोतिबांची भीती वाटली नाही. सत्तर वर्षांनंतर ज्यांना वाटते, त्यांनी आपण नेमके कशाला घाबरतो ते तपासावे.

आपल्यापुरते एक काम सांगतो. या वर्षी विहारात मुक्ताचा निबंध वाचा, पूर्ण शीर्षकासह. आणि वाचायला शाळेतल्या मुलीलाच उभे करा.

जय भीम, जय जोती!