भुलीचं इंजेक्शन दुपारच्या उन्हात नको

आज पिकाचं नाही, जनावराचं बोलतो.

एप्रिल-मे आला की रानातली कामं कमी होतात. मग आपण बैलाच्या शिंगाचं ऑपरेशन, गोऱ्ह्याचं खच्चीकरण असली राहिलेली कामं काढतो. माझं स्पष्ट मत आहे, तातडी नसेल तर हे काम दुपारी करूच नका. सकाळी आठच्या आत उरका.

जनावराच्या मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. गाय-बैलाचं ते साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट ठेवतं. ऊन वाढलं की धापा टाकून, घाम काढून, सावलीत सरकून जनावर स्वतःला थंड करतं. दुखण्यावरची अफूच्या कुळातली औषधं, म्हणजे मॉर्फिन, ब्युटॉरफॅनॉल, नेमकी या केंद्रालाच हात घालतात. आणि सगळ्या जनावरांत सारखी वागत नाहीत. मॉर्फिनने कुत्रा धापा टाकतो अन् त्याचं अंग गार पडतं, मांजराचं तापमान उलट चढतं. म्हणून माणसाच्या मेडिकलमधली ट्रामाडॉलची गोळी अंदाजाने जनावराला चारणं मला अजिबात पटत नाही.

बैलाला भुलीसाठी बहुतेक वेळा झायलाझिन देतात. ते अफूच्या कुळातलं नाही, पण तापमानाचं गणित तेही बिघडवतं. भूल उतरेपर्यंत बैल सावलीत सरकू शकत नाही. उन्हात असला तर तापत जातो, थंडीत गार पडतो.

"डॉक्टर दुपारीच मोकळे असतात", असं बरेच जण म्हणतात. खरंय, सकाळी दवाखान्यात गर्दी असते. तरी दोन दिवस थांबून सकाळची वेळ घ्या. आजच्या भावात दुसरा बैल घेणं कुणाला झेपतंय?

इंजेक्शननंतर बैलाला झाडाखाली छातीवर बसतं ठेवा. आडवा पडला तर पोट फुगतं. पुरता शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. अर्ध्या-अर्ध्या तासाने गुदद्वारात थर्मामीटर लावून बघा. १०४ च्या वर गेलं तर अंगावर गार पाणी मारत राहा आणि डॉक्टरांना फोन करा, नाहीतर १९६२ ला. अशा वेळी तापाचं इंजेक्शन मागू नका. हा आजाराचा ताप नाही, उन्हाने अंग तापलंय, त्यावर ते इंजेक्शन नीट चालत नाही.

थर्मामीटर मेडिकलमध्ये मिळतं. गोठ्यासाठी वेगळं ठेवा, घरातलं वापरू नका.

– तुमचा कृषी सल्लागार, वेरूळ