म्हातारपणाची तपासणी गावात हवी

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशी गाठलेले आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. नुसते प्रश्न विचारून पथके परतली नाहीत. त्यांनी रक्तदाब घेतला, हाताच्या पकडीचा जोर मोजला, चालण्याचा वेग पाहिला, ऐकवलेले शब्द पुन्हा आठवून सांगायला लावले. ‘आता वयच झालंय’ म्हणून घरचेच नव्हे, डॉक्टरही ज्याकडे काणाडोळा करतात, ते सारे अशा मोजणीत नेमके दिसते. पकड सैल होणे, पावले मंदावणे या पुढच्या पडझडीच्या आगाऊ सूचना असतात. त्या वेळीच ओळखल्या तर पुष्कळ काही सावरता येते. ही तपासणी महागडीही नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांसाठी तातडीने सुरू करावी.