विश्लेषण : एकच वेबसाइट क्रोममध्ये नीट, सफारीत विस्कटलेली, असं का होतं? आणि हे प्रकरण कोर्टापर्यंत का गेलं?

फॉर्म भरून झाला, फोटो चढवला, पण 'सबमिट'चं बटणच सापडत नाही. लिंक पाठवणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "माझ्याकडे तर दिसतंय की." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

व्हॉट्सॲपवर आलेली इमेज सगळ्यांना सारखी दिसते, कारण तिचा प्रत्येक ठिपका आधीच ठरलेला असतो. वेबपेज तसं नसतं. सर्व्हरकडून तुमच्या फोनवर येतो तो मजकूर आणि त्याच्यासोबतच्या सूचना : हे शीर्षक मोठ्या अक्षरांत, फोटो डावीकडे, दोन रकान्यांत एवढं अंतर. या सूचना सीएसएस नावाच्या भाषेत लिहिलेल्या असतात. त्या वाचून पान प्रत्यक्ष मांडायचं काम तुमचा ब्राउझर करतो.

एकाच पाककृतीवरून तीन जणांनी आमटी केली तर ती तीन चवींची होते, कारण 'चवीपुरतं मीठ' म्हणजे किती ते ज्याच्या त्याच्या हातावर असतं. इथेही स्वयंपाकी तीनच आहेत. पान मांडणाऱ्या भागाला 'इंजिन' म्हणतात आणि आज मोठी इंजिनं तीन उरली आहेत : गुगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट ही नावं वेगवेगळी असली तरी आत सगळीकडे ब्लिंकच आहे. सफारीत वेबकिट आणि फायरफॉक्समध्ये गेको.

भांडण सुरू कुठे झालं?

हाकॉन विउम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिचे पहिले नियम जाहीर केले. त्या वेळी नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टचं इंटरनेट एक्सप्लोरर यांच्यात घनघोर स्पर्धा चालू होती. नियम पूर्ण समजून घ्यायला थांबायला कोणालाच वेळ नव्हता.

त्यातला एक गोंधळ आकड्यांत पाहू. समजा, डिझायनरने सांगितलं की चौकट ३०० पिक्सेल रुंद हवी, आत दोन्ही बाजूंना २० पिक्सेल मोकळी जागा आणि भोवती ५ पिक्सेलची किनार. नियमाप्रमाणे ३०० ही फक्त आतल्या मजकुराची रुंदी. म्हणजे मोकळी जागा आणि किनार धरून चौकट ३५० पिक्सेलची झाली. इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र सगळं मिळून ३०० धरायचा. त्यावर बघून ६०० पिक्सेलच्या पानात शेजारी-शेजारी दोन चौकटी बसवल्या, की नियम पाळणाऱ्या ब्राउझरमध्ये त्यांना ७०० लागायचे आणि दुसरी चौकट धपकन खाली यायची.

यात खरी मेख पुढे आहे. मायक्रोसॉफ्टचा हिशोब माणसाला जास्त पटणारा होता. खोक्याची रुंदी विचारली तर आपणही बाहेरूनच मोजतो. पुढे सीएसएसमध्येच 'बॉर्डर-बॉक्स' नावाचा पर्याय आला आणि आज बहुतेक डिझायनर कामाला सुरुवात करतानाच तो चालू करून ठेवतात. त्रास झाला तो हिशोब चुकीचा असल्यामुळे नव्हे, प्रत्येकाचा वेगळा असल्यामुळे.

मग एकाच ब्राउझरने जिंकलं तर प्रश्न सुटेल ना?

तसं एकदा झालंय. या शतकाच्या सुरुवातीला नेटस्केप संपल्यात जमा होता आणि ९० टक्क्यांहून जास्त लोक इंटरनेट एक्सप्लोरर वापरत होते. त्याची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली. सातवी कधी आली? २००६ मध्ये. तब्बल पाच वर्षं. स्पर्धकच नाही म्हटल्यावर घाई कशाला? डिझायनरांनी मात्र पुढची कितीतरी वर्षं त्या सहाव्या आवृत्तीसाठी वेगळी ठिगळं लावण्यात घालवली.

दक्षिण कोरियात तर हे अंगाशी आलं. तिथल्या ऑनलाइन बँकिंगची आणि डिजिटल सहीची व्यवस्था १९९९ नंतर 'ॲक्टिव्हएक्स' या फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालणाऱ्या तंत्रावर उभी राहिली. जगातलं सर्वांत वेगवान इंटरनेट हाताशी असलेल्या देशात लोक बँकेसाठी जुना ब्राउझर सांभाळत बसले. तिथली सक्तीची प्रमाणपत्र पद्धत रद्द व्हायला डिसेंबर २०२० उजाडला.

आपल्याकडेही सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी 'हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल' अशा अर्थाची ओळ अनेकांनी पाहिली असेल. मराठीचा अनुभव त्याहून कडू आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी दैनिकांच्या साइट स्वतःचे खास फॉन्ट वापरायच्या. पानासोबत फॉन्ट पाठवायची मायक्रोसॉफ्टची पद्धत फक्त त्यांच्याच ब्राउझरमध्ये चालायची. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच बातमी उघडली की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. त्या काळातला असा मजकूर रूपांतर केल्याशिवाय आजही वाचता येत नाही, शोधताही येत नाही.

युनिकोड आलं, आता मराठीला काय अडचण?

अडचणी बारीक आहेत, पण रोज दिसतात. सीएसएसमधली बरीच तयार मापं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली असतात. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीसाठी नेटकं ठेवलं आणि चौकटीबाहेर जाणारा भाग कापायला सांगितला, की आपला रफार आणि वेलांटी वरून छाटली जाते, उकार खालून. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमध्ये अंतर टाकलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांचा होतो.

'ल' आणि 'श'चा किस्सा तर बहुतेकांना माहीतच नसतो. मराठी वळणाचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हवा असेल, तर फॉन्टमध्ये ती रूपं असावी लागतात आणि पानाच्या कोडमध्ये 'या पानाची भाषा मराठी' असं लिहिलेलं असावं लागतं. अनेक साइट ती ओळ इंग्रजीच ठेवतात. मग फॉन्टची सोय असूनही हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. एका शब्दाची दुरुस्ती असते ही, पण करत नाहीत.

फोनवरचं हरवलेलं बटण

आता सुरुवातीच्या बटणाकडे येऊ. 'पूर्ण स्क्रीनएवढी उंची' असं सांगायचं जुनं माप मोबाइलवर फसतं. फोनच्या ब्राउझरमध्ये पत्त्याची पट्टी असते, ती स्क्रोल केल्यावर लपते. पूर्ण उंची म्हणजे पट्टी धरून की पट्टीशिवाय? ब्राउझरांनी पट्टी लपलेली असतानाची मोठी उंची धरली. परिणामी पान उघडल्या उघडल्या तळाचा भाग स्क्रीनच्या बाहेर जातो आणि पान सरकू नये अशी मांडणी असेल तर बटण कायमचं गायब. डिझायनर हे तपासतो लॅपटॉपवर, खिडकी फोनएवढी लहान करून. तिथे ती पट्टी नसतेच, म्हणून त्याला सगळं ठीक दिसतं.

यावर उपाय म्हणून पट्टीनुसार बदलणारी नवी मापं आली. २०२२ संपेपर्यंत ती तिन्ही इंजिनांत होती. पण तुमचा फोन जुना असेल तर? अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरवरून वेगळं अपडेट होतं. आयफोनवर मात्र वेबकिट आयओएससोबत येतं. आयओएसची नवी आवृत्ती मिळणं बंद झालं की ब्राउझरही तिथेच थांबतो.

त्यात भर म्हणजे, फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरची लिंक दाबली की पान त्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतं. तीच लिंक व्हॉट्सॲपवरून उघडली तर तुमच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये जाते. लॉगिन आणि फाइल चढवणं अशा ठिकाणी अडखळलं तर आश्चर्य नाही.

कंपन्या यावर काही करतात का?

करतात, आणि ही बातमी चांगली आहे. पानाची रकान्यांत मांडणी करणारं 'ग्रिड' हे तंत्र मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी तिन्हींत एकाच महिन्यात आलं. असं आधी क्वचितच घडलं होतं. क्रोम आणि सफारीसाठीचं त्याचं काम इगालिया या स्पेनमधल्या कंपनीने केलं आणि त्याचे पैसे दिले ब्लूमबर्ग या आर्थिक बातम्यांच्या कंपनीने, कारण त्यांना स्वतःच्या पडद्यांसाठी ते हवं होतं.

२०२२ पासून ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला 'इंटरऑप' नावाच्या उपक्रमात एकत्र बसतात. कोणत्या गोष्टी सगळीकडे सारख्या चालायला हव्यात ते दर वर्षी ठरवतात आणि सामायिक चाचण्यांवर प्रत्येक ब्राउझरचे गुण जाहीर करतात. चारचौघांत गुण लागले की अभ्यास होतो, हे कंपन्यांनाही लागू पडतं. डिझायनरांसाठी 'बेसलाइन' नावाचा शिक्काही आहे. एखादी सोय सगळ्या प्रमुख ब्राउझरांत येऊन ३० महिने झाले की ती निर्धास्त वापरावी.

त्यामुळे आज पान मोडण्याचं कारण बऱ्याचदा इंजिनांमधला फरक नसतोच. फक्त क्रोमवर तपासून काम संपवणं, हे असतं.

कोर्टाचा संबंध काय?

जगातले साधारण दोन तृतीयांश लोक क्रोम वापरतात, भारतात हे प्रमाण आणखी जास्त आहे. फक्त क्रोमवर तपासणं म्हणूनच स्वस्त पडतं. २००१ मध्ये फक्त एक्सप्लोररवर तपासणं असंच स्वस्त पडत होतं.

सर्चमधली मक्तेदारी गुगलने बेकायदा टिकवली, असा निकाल अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. क्रोम विकायला लावा, अशी सरकारची मागणी होती. २ सप्टेंबर २०२५ च्या आदेशात मेहता यांनी ती फेटाळली. गुगलला विशेषाधिकाराचे करार करायला मनाई झाली, पण सर्चला जागा देण्यासाठी इतर ब्राउझरांना पैसे देण्यावर बंदी आली नाही.

हे पैसे फायरफॉक्ससाठी श्वासासारखे आहेत. मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी मे २०२५ मध्ये कोर्टात सांगितलं की कंपनीचं सुमारे ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येतं आणि त्यातलं सुमारे ८५ टक्के गुगलकडून. म्हणजे गुगलच्या इंजिनाशी स्पर्धा करणारं इंजिन गुगलच्याच पैशावर चालतं. ती रक्कम थांबली असती तर गेको टिकवणं अवघड होतं. आणि एकदा बंद पडलेलं इंजिन पुन्हा उभं करणं किती कठीण, ते मायक्रोसॉफ्टला विचारा. एवढा पैसा असूनही त्यांनी २०१८ मध्ये स्वतःचं इंजिन सोडायचं जाहीर केलं आणि जानेवारी २०२० पासून एज गुगलच्या क्रोमियमवर आणला.

उरतं वेबकिट. ते टिकून आहे त्याचं मोठं कारण ॲपलची सक्ती : आयफोनवरचं क्रोम आणि फायरफॉक्सही आतून वेबकिटच असतं. युरोपियन युनियनने कायदा करून मार्च २०२४ पासून तिथे ही सक्ती सैल करायला लावली, तर मोझिलाने ॲपलच्या अटींवर जाहीर नाराजी व्यक्त केली. जपानचा असाच कायदा डिसेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे लागू झाला. ही सक्ती अन्यायाची आहेच. पण ती उठली की आयफोनवरही ब्लिंक पसरेल आणि सफारीवर तपासायचं शेवटचं कारणही जाईल, ही भीती वेब क्षेत्रातले अनेक जण बोलून दाखवतात. मला ती निराधार वाटत नाही.

पान बिघडलेलं दिसलं तर काय कराल?

ॲपमधून लिंक उघडली असेल तर तीन ठिपक्यांच्या मेनूतून ती बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा. फोनवरचा अक्षरांचा आकार वाढवला असेल तर तो तात्पुरता कमी करून बघा. बटण सापडत नसेल तर फोन आडवा धरा किंवा 'डेस्कटॉप साइट' निवडा. तक्रार करताना स्क्रीनशॉटसोबत ब्राउझरचं नाव, त्याची आवृत्ती आणि फोनचं मॉडेल लिहा. 'साइट चालत नाही' एवढ्यावरून डिझायनरला बिघाड शोधता येत नाही, त्याच्याकडे तर ती चालतच असते.