लाल अधिक हिरवा बरोबर किती?

बालमित्रांनो, आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. हो, बाईंचीसुद्धा चूक होते बरं का!

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. चौथीच्या वर्गात चित्रकलेचा तास चालू होता. मी विचारलं, "पिवळा रंग संपला तर कसा तयार कराल?" प्रश्न जरा फसवाच होता. रंगपेटीतले दुसरे रंग मिसळून काही पिवळा होत नाही. पण मागच्या बाकावरून उत्तर आलं, "लाल आणि हिरवा मिसळून!"

सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले. म्हटलं, "ये, करून दाखव." बिचाऱ्याने ब्रश फिरवला आणि झाला चिखलासारखा मातकट रंग! तो मान खाली घालून जागेवर जाऊन बसला. त्या दिवशी त्याने पुन्हा हात वर केला नाही.

मला चुटपुट लागली. मधल्या सुट्टीत त्याला जवळ बोलावलं. "तुला असं का वाटलं रे?"

"बाई, मावशीकडच्या दादाच्या माऊसमध्ये झाला होता. खरंच!"

कॉम्प्युटरवर खेळ खेळणारी मुलं हल्ली दिव्यांचा माऊस वापरतात. त्याच्या चाकाजवळ किंवा पाठीवर रंगीत उजेड पडतो. माझ्या भाच्याकडे असा माऊस आहे. संध्याकाळी मी थेट त्याचं घर गाठलं.

काही माऊसवर रंग बदलायचं बटण असतं. भाच्याच्या माऊसला मात्र कॉम्प्युटरवर त्याच कंपनीचा एक प्रोग्रॅम लागतो. तो उघडला, तर लाल, हिरवा आणि निळा अशा तीन पट्ट्या दिसल्या. प्रत्येक पट्टी ० पासून २५५ पर्यंत सरकवता येते. मी लाल २५५ केला, हिरवा २५५ केला, निळा ० ठेवला. माऊस पिवळाधमक! निळाही २५५ केला, तर पांढरा शुभ्र. म्हणजे माझा विद्यार्थी बरोबर होता आणि हसणारे आम्ही सगळे चुकलो होतो.

असं का होतं? त्या माऊसमध्ये पिवळा दिवा नसतोच. एका इवल्याशा ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी शेजारी शेजारी बसवलेले असतात. आपल्या डोळ्यांतही रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. लाल आणि हिरवा उजेड एकदम डोळ्यांत शिरला, की मेंदू म्हणतो, "हा पिवळा!" उजेडात उजेड मिसळला की उजेड वाढतो. रंगपेटीतल्या रंगाचं मात्र उलटं असतं. तो उजेडातला काही भाग गिळून टाकतो. दोन रंग मिसळले की दोघंही गिळतात, म्हणून चित्र काळपट होतं.

तीन पट्ट्यांवर प्रत्येकी २५६ पायऱ्या. करा गुणाकार! २५६ × २५६ × २५६ म्हणजे १,६७,७७,२१६ रंग. एवढी मोठी रंगपेटी कुठल्या दुकानात मिळेल?

या तिघांतला निळा फार उशिरा आला. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत बनवला. झगझगीत निळ्यासाठी मात्र १९९० चं दशक उजाडावं लागलं. त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता तुम्ही करून पाहा. माऊस नसला तरी चालेल. दोन टॉर्च घ्या. एकीवर लाल आणि दुसरीवर हिरवा जिलेटीनचा कागद लावा. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर दोन्ही उजेड एकावर एक पाडा. मध्ये पिवळसर रंग दिसेल. मग तेच दोन्ही कागद एकाच टॉर्चवर एकावर एक लावा. उजेड जवळजवळ गायब! कागद तेच, पण एकदा उजेड मिसळला आणि एकदा गिळला गेला. टॉर्चच्या झोतात थेट डोळे घालू नका हं.

दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग मी वर्गात केला. टॉर्च धरायला त्यालाच बोलावलं. भिंतीवर पिवळा उमटला तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "याचं उत्तर बरोबर होतं. न विचारता मी हसले, ही माझी चूक." यावेळी वर्ग हसला नाही, टाळ्या वाजल्या. त्या तासाला त्याचा हात चार वेळा वर आला!

आई-बाबांना दोन शब्द. दिवे लावल्याने माऊस जास्त वेगाने पळत नाही. दिवे फक्त शोभेचे. बिनतारी माऊसची बॅटरी मात्र त्यांमुळे लवकर उतरते. रंग बदलायचा प्रोग्रॅम कंपनीच्याच संकेतस्थळावरून, मोठ्यांनी शेजारी बसून घ्यावा. आणि मुलाचं उत्तर चुकीचं वाटलं, तर आधी विचारा, "तुला असं का वाटलं?"

जाता जाता एक कोडं. माऊसला पांढरा रंग दिला, पण तो निळसर-हिरवा दिसतोय. तिघांपैकी कोणता दिवा बंद पडला असेल? उत्तर पुढच्या आठवड्यात!

— तुमच्या बाई