भरलेलं कार्ड, रिकामं डोकं

सध्या हॉस्टेलमध्ये एक नवी साथ आली आहे. तळहातात मावणारा कन्सोल, साडेतीन इंची स्क्रीन आणि दुकानातूनच मेमरी कार्डात भरून आलेले हजारो जुने गेम. बटण दाबा, खेळा. माझं मत सरळ आहे. कन्सोल जरूर घ्या, पण ते कार्ड काढून बाजूला ठेवा. इंजिनिअरिंगच्या पोरानं भरलेलं कार्ड वापरणं म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल छापणं. सही मिळते, येत काहीच नाही.

स्टाफरूममधल्या बऱ्याच जणांना नव्वदच्या दशकातला, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आठवत असेल. निन्टेंडोनं १९८३ साली जपानात आणलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल. कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असं लेबल, आत मात्र तेच मोजके गेम नावं बदलून. चाललं नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. (फुंकरीतल्या ओलाव्यानं पिना उलट खराब होतात, पण तेव्हा ऐकतो कोण?) मूळ फॅमिकॉमच्या प्रोसेसरचा वेग साधारण १.७९ मेगाहर्ट्झ आणि रॅम फक्त २ केबी! १९८५ चा अख्खा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० केबीत बसवला होता. आपल्या मोबाइलमधला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

मी शनिवार पेठेतला, म्हणजे तुमच्या भाषेत लोकलाइट. आमच्या पेठेत पाहुणे शनिवारवाडा बघायला येतात, दिल्ली दरवाजातून आत शिरतात आणि विचारतात, “वाडा कुठाय?” १७३२ ची वास्तू, १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं. तटबंदी, दरवाजे आणि जोती राहिली. जुन्या गेम्सचं हेच चाललंय. प्लास्टिकचे डबे माळ्यावर शाबूत आहेत, आतला प्रोग्रॅम मरतोय. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते.

हा वाडा पुन्हा उभा करतो तो एम्युलेटर. जुन्या चिपसारखं वागणारा प्रोग्रॅम. सूचना उचल, तिचा अर्थ लाव, अमलात आण. ८०८५ च्या किटवर आपण जे जांभया देत शिकतो, तेच. म्हणून म्हणतो, सेटिंग स्वतः करा. तपकीर गल्लीतून चांगल्या कंपनीचं ३२ जीबी कार्ड आणा, ‘फॅट३२’ मध्ये फॉरमॅट करा, ‘रेट्रोआर्क’ हे मुक्त सॉफ्टवेअर टाका. फॅमिकॉमचं चित्र २५६ बाय २४०, तुमची स्क्रीन ६४० बाय ४८०. ताणून भरलंत तर आडवं प्रमाण अडीच पट होतं आणि काही ठिपके जाड, काही बारीक दिसतात. नेमकं दुप्पट करा, बाजूला काळी पट्टी राहू द्या, चित्र स्वच्छ येतं. कॉम्प्युटरवर ‘एफसीईयूएक्स’मध्ये मारिओ चालवलात तर मेमरीत ०७५ए या पत्त्यावर त्याची आयुष्यं साठवलेली दिसतील. आकडा बदला आणि बघा. हेक्साडेसिमल का शिकायचं, हे त्या दिवशी कळतं.

आता कुणी म्हणेल, “पण तो गेम आणायचा कुठून? कंपनी विकत नाही, मग डाउनलोड केला तर चोरी कसली?” भावना समजते, पण कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीचं संरक्षण दिलंय. ज्याच्याकडे रीतसर घेतलेली प्रत आहे, त्याला सुरक्षेसाठी स्वतःपुरती नक्कल ठेवता येते. वाटता किंवा विकता येत नाही. एम्युलेटर वेगळा, गेमची फाइल वेगळी. प्लेस्टेशनची बायोस फाइलसुद्धा सोनीच्या मालकीची. विकत न मिळणाऱ्या गेम्ससाठी ग्रंथालयांना सवलत हवी, असं माझं ठाम मत आहे. पण ती मागायची तर उघडपणे मागावी. हजारो चोरलेले गेम विकणारा दुकानदार काही इतिहास जपत नाही, तो गल्ला भरतो.

मग खेळायचं काय? आजही हौशी लोक फॅमिकॉमसाठी नवे गेम लिहितात, त्यातले बरेचसे फुकट वाटायला मोकळे असतात. आणि त्याहून भारी म्हणजे आपणच लिहायचा. ‘सीसी६५’ हा मोफत कंपायलर सी भाषेतला कोड त्या जुन्या चिपला समजेल असा करून देतो. सरांना विनंती आहे, दरवर्षी तेच ट्रॅफिक लाइटचे मिनी प्रोजेक्ट तपासून तुम्हीही कंटाळला असाल. एकदा २ केबी रॅममधला गेम करायला सांगून बघा. आणि पोरांनो, गॅदरिंगला स्टॉल लावू. त्यावर एक तरी गेम असा हवा, ज्याचा सोर्स कोड आपल्या हॉस्टेलच्या एखाद्या रूममध्ये लिहिलेला असेल.